सेकंदाला अकरा

सकाळी साडेसातला गायधनींचा फोन:
"ताई, ते कपाट पुन्हा दिसेनासं झालंय."
कपाट म्हणजे चार डिस्कांचा काळा डबा.
ते त्याला कपाटच म्हणतात,
मी दुरुस्ती करायचं सोडून दिलंय.

इंदिरानगरहून स्कूटर, द्वारकेच्या सिग्नलला अकरा मिनिटं,
पुढे गाडी लावून पायी, तांबट आळीतून.
एक हंडा ठोकला जात होता.
ठोक्यांमधलं अंतर मी सवयीने मोजलं:
पिंगसारखं, एकही हरवला नाही.

वर माडीवर सादिक, हातात पांढरे मोजे,
स्कॅनरच्या काचेवर उघडी वही,
आणि स्क्रीनवर एकच ओळ, खाली खाली सरकणारी:
सर्व्हर उत्तर देत नाही, अजून प्रयत्न चालू आहे.
सर्व्हर उत्तर देत नाही, अजून

"सॉफ्ट माउंट करून टाका ना," सादिक म्हणाला,
"निदान मशीन तरी अडकणार नाही."
नको रे.
सॉफ्ट थोडा वेळ थांबतो आणि हात सोडतो,
पान अर्धं उतरलेलं असलं तरी.
हार्ड दारात बसून राहतो,
वसुलीला आलेल्या माणसासारखा. बसू दे.

रात्री लाइट गेली होती.
राउटरने उठल्या उठल्या डब्याला नवा पत्ता दिला
आणि लिनक्स जुन्या पत्त्यावर हाका मारत बसला.
पत्ता कायमचा बांधून टाकला, माउंट झालं,
सादिकने फाइल टाकली:
परवानगी नाही.

"पण सादिकला ओळखतो ना तो?
दोन वर्षं इथेच बसतोय."
काका, त्याला नाव कळत नाही, आकडा कळतो.
जुन्या मशीनवर सादिक एक हजार होता,
नव्यावर एक हजार एक.
गायधनी खोकत हसले.
"आमच्याकडे उलटं. गाव, आडनाव, आजोबा, मग वही.
आकडा दक्षिणेचा, तोही शेवटी."

आकडा जुळवला. फाइली निघाल्या,
पण कशा? सेकंदाला अकरा एमबी.
एका पानाला आठ सेकंद.
इथटूलला विचारलं, तर म्हणे शंभरावर चाललोय.
हजार हवे होते.

आठ तारा असतात त्या केबलीत.
एखादी दुखावली की ती चारांवर भागवते,
गुपचूप शंभरावर उतरते
आणि कोणाला सांगत नाही.
मी गुडघ्यांवर, मोबाइलचा टॉर्च भिंतीच्या कडेने:
स्विचपासून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत,
आणि तिथे ते खरं कपाट, लोखंडी.
गेल्या साली गोदेचं पाणी पायरीला लागलं
तेव्हा चौघांनी तळमजल्यावरून वर आणलेलं.
त्याचा डावा पुढचा पाय
बरोब्बर केबलीवर उभा.
आत सतराशे साठ गावं असतील.

ते हलवायला कोणी तयार होईना,
मीही नाही. नवी केबल वरून घेतली,
खिडकीच्या चौकटीवरून, क्लिपा ठोकत.
एकशे दहा. सादिकने मोजे काढून टाळी वाजवली.

गायधनी मात्र स्क्रीनसमोर खुर्ची ओढून गप्प.
फाइलींची नावं धावत होती,
बऱ्हाणपूर, हुबळी, बडोदे,
पुढचं दिसलंच नाही.
"इतके दिवस एकेक वाचायचो," ते म्हणाले.
"आठ सेकंद मिळायचे.
तेवढ्यात त्यांच्यातलं कोणीतरी आठवायचं.
डब्याचे वडे आणणारे हुबळीकर,
संगमावर चप्पल हरवलेली ती बाई."
चष्मा पुसला.
"ताई, जरा हळू करता येतं का?"

सादिक माझ्याकडे बघायला लागला.
जुन्या केबलीचा कापलेला तुकडा बॅगेत होता, फेकायला.
करता येतं, म्हटलं.
पण चहा येईपर्यंत
काहीच केलं नाही.