धुक्याचं पाणी

फिल्मचं शेपूट दोन बोटं कापून
आधी हायपोच्या वाटीत सोडते.
दुधी असतं. मोजत बसते.
शंभराला कडा विरतात,
एकशे दहाला आरपार वाटीचा तळ दिसतो,
तळावरचं टवका उडालेलं निळं फूलसुद्धा.
मग त्याच्या दुप्पट. दोनशे वीस सेकंद,
आणि वर माझ्या भित्रेपणाची ऐंशी.

एकदा घाई केली होती.
दार वाजलं, शेळी अडलीय म्हणाले,
मी डबा अर्ध्यातच रिकामा केला नि धावले.
करडू जगलं.
ओर्तेन्सियाच्या लग्नाचा रोल मात्र
पुढच्या उन्हाळ्यापासून तपकिरी पडत गेला :
आधी केक, मग पाद्री, मग नवरा.
नवरा तसाही नंतर गेलाच,
त्यात हायपोचा काही दोष नाही.

आज डब्यात फिलेमोन आहे.
वर कड्यावर त्याच्या जाळ्या.
कोकिंबोच्या या किनाऱ्यावर ढग रोज येतात
आणि एक थेंब न देता निघून जातात,
पावण्यांसारखे, चहाही न घेता.
जाळीला मात्र अडकतात,
दोऱ्यावरून घरंगळत पन्हळीत उतरतात.
फाटलं की तो शिवतो, मासेमारीच्याच सुईने.
म्हणतो, मासे सरले, आता हे धरतो.

खेचरावरून वीस लिटर आणून दिलं त्याने,
ही माझी फी.
कुठे पाण्यासारखा पैसा ओतत असतील,
इथे पैशासारखं पाणी मोजतात.
"फोटो थडग्यासाठी हवाय," म्हणाला,
"भावाच्या थडग्यावर ओळखपत्रातला लावला,
चोर दिसतो बिचारा.
माझा आत्ताच काढ,
चेहऱ्यावर थोडा राग शिल्लक आहे तोवर."

डब्यात पाणी. पाच वेळा उलटं-सुलटं. ओतलं.
नवं पाणी. दहा वेळा.
मनगट दुखतं, आकडा चुकतो,
आठ की नऊ? आठच धरते.
नवं पाणी. वीस.
नळाखाली तासभर सोडून देणारे
कसे धुतात, मला ठाऊक नाही.
नको तिथे उजेड शिरून फिल्म मळकटली
की इंग्रजी पुस्तकात त्याला धुकं म्हणतात.
चाळीस वर्षं मी धुक्याला आत येऊ दिलं नाही,
आज त्यानेच धुतेय.

पहिलं पाणी बरणीत, झाकण घट्ट :
त्यात चांदी आहे, झाडाला चालत नाही.
दुसरं फरशीला.
शेवटच्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब,
एकच, नाहीतर डाग राहतात.

रीळ उलगडते. खिडकीशी धरते.
फिलेमोन मागून डोकावतो, टोपी हातात.
पांढरे केस काळेभोर.
मिशी काळी. भोवतीचं धुकं
अमावास्येसारखं गच्च,
आणि त्यात जाळीचे दोरे चकचकीत उजेडाचे.
बराच वेळ काही बोलत नाही.
"असा होतो मी," मग म्हणतो, "आगबोटीवर होतो तेव्हा.
हाच लाव."
मी म्हणते, उलटा आहे हा, अजून छापायचाय.
"उलटाच लाव."

वाळू दे आधी, म्हणते.
तो म्हणतो, मला कुठे घाई आहे.
खालच्या टोकाला कपड्यांचा चिमटा लावते,
चिमट्याखाली टोमॅटोची कुंडी सरकवते.
दोघं उभे राहतो,
थेंब मोजत नाही कुणी.