रुमालाखाली

बेड अकरा. निवृत्ती झेंडे, वय एकसष्ट.
उजवी बाजू गेलेली. वाचेतला
एकच शब्द शिल्लक: बोला.

काका, पाणी हवंय? बोला.
लघवीला झाली? बोला.
मुलगी आलीय बघा, सासवडहून. बोला, बोला,
आणि डोळ्यांना धार.
चाळीस वर्षं मार्केट यार्डात
मटाराचा लिलाव पुकारला यांनी, ती म्हणाली,
तेवढा एक शब्द गाळ्यावर थांबलाय,
बाकीचे घरी गेले.

आम्ही काय केलं?
आधी मोठ्यानं बोललो,
जणू गेलेत ते कान.
मग चित्रांचा तक्ता आणला. त्यात काचेचा ग्लास,
कमोड, डोकं धरून बसलेली गोरी बाई.
डाव्या हातानं त्यांनी तो पालथा घातला,
हळूच, किडका माल बाजूला सारावा तसा.
मी विचारलं, दुखणं किती, काका? शून्य ते दहा, सांगा.
त्यांनी चादरीखाली माझा हात धरला.
अख्खा पंजा, मग दोन बोटं. दाबून.

मी हात हिसकला.
इन्चार्ज म्हणाल्या, असतात असे,
जोडीनं जात जा.
फाइलीत लिहिलं: प्रतिसाद नाही. सहकार्य नाही.
माझं अक्षर चांगलं आहे.

तीन दिवस
कूस बदलायला आम्ही
त्यांचा लुळा हात धरून ओढत होतो,
दर वेळी ते ओरडायचे, बोला!
आणि आम्ही बोलायचो:
झालं हं काका, झालं, झालं.

रविवारी भेटीच्या वेळेला अंबादास आला,
गुलटेकडीचा जुना हमाल, पाठीत बाक.
तब्येत विचारली नाही, सफरचंदं आणली नाहीत.
खिशातला रुमाल झटकला,
दोघांच्या हातांवर पसरला
आणि दोघं गप्प.
रुमाल तेवढा हलत होता,
खाली ससा असल्यासारखा.
अंबादास हसला. काका हसले, अर्ध्या तोंडानं.
मग अंबादास हसायचा थांबला.

सिस्टर, हे सात म्हणतायत.
कसले सात?
पूर्वी भाव असाच व्हायचा ना आमच्यात,
शेजारच्याला कळू नये म्हणून, कापडाखाली.
पंजा म्हणजे पाच. वर दोन बोटं.
डाव्या हातानं बोलतायत, म्हणून जरा बोबडं लागतंय,
पण सातच. आणि हे बघा,
खांद्याकडे नेतायत माझा हात.

मी उभी. हातात बीपीचा पट्टा.
शून्य ते दहा, मीच विचारलं होतं.
त्यांनी तिथल्या तिथं सांगितलं होतं.

खांद्याखाली उशी आली. ओढणं बंद,
तसा कागद बेडच्या वर चिकटवला, ठळक.
संध्याकाळी मी माझा रुमाल घेऊन बसले.
चार, म्हणाले.
दुसऱ्या दिवशी खुर्चीत किती बसायचं यावर
मी दहा मिनिटं धरली, त्यांनी पाच,
माझं एकेक बोट उघडत, मिटत,
आठावर सौदा पटला.
घड्याळाकडे पाठ होती त्यांची.
तरी बरोबर आठव्या मिनिटाला: बोला.

फाइलीतलं खोडायची परवानगी नसते.
एक आडवी रेघ, शेजारी सही, तारीख, वेळ.
खालचं वाचता आलं पाहिजे, असा नियम आहे.
येतं वाचता.

बायकांच्या बाजूला, बेड चारला,
काल शकुंतला खळदकर आल्यात.
भवानी पेठेत ब्लाउज शिवायच्या.
मी हौसेनं रुमाल पसरला. त्यांनी तो उचलला,
कडा चाचपली, एका जागी दोरा सुटला होता
तो मला दाखवला,
आणि काठाला काठ जुळवून घडी घालून
परत दिला.

मी स्टूल ओढलं.
बोला, म्हटलं,
आणि गप्प बसले.
अजून सहा जणांचे बीपी घ्यायचे राहिले होते.