अठरा ते तीनशे

कोपरखैरणे. झेरॉक्सच्या दुकानामागे
दीड माणसाची जागा, त्यात हरेश्वर घरत
माझी लेन्स कानाशी धरून फिरवतो,
नारळातलं पाणी ऐकावं तशी.
करकर.
"कुठं नेली होती?"

जैसलमेरच्याही पुढे, सांगतो मी,
जिथे उंटवाला चहालाही थांबत नाही.
नऊ दिवस. ही एकच लेन्स.
बरोबरच्यांकडे चार-चार, मखमली डब्यांत.
वारा जरा पडला की जाकिटाचा आडोसा करून
बदलत बसायचे, बाळाची दुपटी बदलावीत तसे,
आणि तरी सेन्सरवर धूळ.
मला म्हणायचे, आले आमचे एकभुक्त.

मी नुसतं मनगट वळवायचो.
अठराला सगळं वाळवंट, वाऱ्याने घातलेल्या चुण्या,
आभाळ गरजेपेक्षा जास्त.
तीनशेला एक खेजडी, खाली बकरी,
बकरीच्या कानाला कुणी बांधलेला लाल दोरा.
कोपरे मऊ यायचे, मान्य.
क्षितिजाला पोट सुटायचं, तेही मान्य.
पण दोरा दिसला तेव्हा
ते सगळे झाकणं शोधत होते.

हरेश्वरचं लक्ष नाही. तिळाएवढे स्क्रू
चुंबकावर ओळीने ठेवतोय.
"ही जात श्वास घेते," म्हणतो,
"लांबवली की हवा आत, आखडली की बाहेर.
हवेबरोबर येईल ते येईल."
नळी उपडी. पांढऱ्या कागदावर टिचकी.

पाच-सहा कण.
बघा, थरचं वाळवंट, मी म्हणतो,
आणि खरं सांगायचं तर मला कौतुकच वाटतं,
अंगाऱ्यासारखं डबीत ठेवावं असं.

तो भिंग डोळ्याला लावतो. बराच वेळ.
मग भिंग माझ्या हातात.
"तिकडची रेती गोल असते, पिवळी.
वाऱ्याने घासून घासून धार मेलेली.
हे काळं आहे. कोन बघा.
हा सुरुंगाचा दगड."

कुठं नेली होती?

जाण्याआधीचे चार रविवार.
उलव्याच्या अलीकडची ती सपाट केलेली टेकडी,
डंपरच्या चाकांनी उठवलेल्या लाटा, झाड एक नाही.
एप्रिलच्या उन्हात पालथा पडून मी सराव केला होता,
म्हटलं होतं, काय देखणं वाळवंट,
तेही घरापासून चाळीस मिनिटांवर.
लोकांना फोटो दाखवून विचारलंही होतं, कुठलं सांगा.
कुणाला आलं नव्हतं.

"आमच्या मागल्या दारची ती," हरेश्वर म्हणतो,
भाव सांगावा तशा आवाजात.
"आहेत का ते फोटो?"

मी फोन देतो.
तो दोन बोटांनी मोठं करत जातो,
डावीकडचा कोपरा, जिथे मला फक्त सावली हवी होती,
माझ्या तीनशेच्याही पुढे,
मऊ होत, विरत, फुटत,
नुसते करडे चौकोन उरेपर्यंत,
आणि तिथेही थोडा वेळ थांबतो.

मग लेन्स जोडतो. कानाशी धरतो. आवाज नाही.
"चौदाशे."

सुट्टे शोधताना माझं लक्ष जातं,
कागद त्याने पुडीसारखा दुमडलाय,
आणि मला न विचारता
वरच्या खिशात ठेवलाय.