उरलेल्यात

नागदेवी स्ट्रीटवर मुफद्दलशेठनी विचारलं,
कशाला पाहिजे तार?
म्हटलं, बाई बनवायचीय. वीतभर उंचीची.
ते हसलेबिसले नाहीत.
पोलादी नको, म्हणाले, ती वाकवली तरी परत येते,
तिला आपलंच खरं करायचं असतं.
तांब्याची आधी ऐकते, मग कडक होते.
ॲल्युमिनियम घ्या, दीड मिलिमीटर.
आणि दोनशे ग्रॅम तोलून दिली,
एका बाईला पुरून उरेल एवढी.

जोगेश्वरीच्या खोलीत
खिडकीच्या गजाला तारेची दोन टोकं बांधली,
मधला वाक ड्रिलच्या तोंडात दिला
आणि बटण दाबलं हळू, अगदी हळू,
वेणी होईपर्यंत.
पीळ कमी पडला तर सुटतो.
जास्त झाला तर तार आतून मरते,
वरून कळत नाही.
पहिल्या दोन वेण्या मी अशाच मारल्या.

आलेखाच्या कागदावर इंदुआत्या आखून ठेवली होती,
पुढून आणि बाजूनं.
एकोणतीस वर्षं ट्रंककॉलच्या बोर्डावर
हिची माणसं तिच्याशी जोडून देणारी,
स्वतःच्या घरी फोन नसलेली.
मांडीला, दंडाला, पोटरीला एपॉक्सी थापली.
गुडघा, कोपर, मनगट उघडं सोडलं.
हाड म्हणजे तरी काय,
जिथं वाकायचं नाही असं ठरलं ती जागा.
पावलांत नट बसवले,
फळीखालून स्क्रू फिरवला की बाई उभी.
बाहेर मेट्रोचं खोदकाम,
रात्री दीडपर्यंत टेबल थरथरतं,
हिचा तोल जात नाही.

बोटांना बारीक तार, एकेरी.
तिथंच गोम.
तीस-चाळीस वेळा वाकतं बोट, मग तुटतं.
आणि एका सेकंदाला बारा चित्रं.
वहीत जमाखर्च मांडला:
नमस्कार काढून टाकला.
पदर सावरणं एकदाच.
कपाळावरचे केस मागे सारणं परवडत नाही.
निरोपाचा हात
शेवटच्या शॉटसाठी राखून ठेवला.

रविवारी आत्या आली. लिफ्ट बंद,
तीन मजले चढून, दर जिन्यावर थांबत.
"एवढी बारीक मी कधी होते गं?"
मग चष्मा बदलून हात पाहिला.
अंगठा चुकलाय, म्हणाली.
कॉर्ड अंगठ्यानं धरायची नसते, तो नुसता टेकवायचा.
दाखवायला स्वतःचा हात उचलला तिनं.
अर्ध्यावर थांबला तो.
पेरं सुजून गाठी झालेली,
चहाचा कप ती हल्ली दोन्ही तळव्यांत धरते.
मी चिमट्यानं अंगठा वळवला.
एक वाक खर्ची पडला.

"तुटलं की काय करतेस?"
बडीशेपेची डबी उघडून दाखवली.
सहा डावे, नऊ उजवे,
मनगटापासून सुटे, कापसावर झोपवलेले.
बराच वेळ ती बोलली नाही.
रस्त्यावर यंत्र सुरू झालं तसे
डबीतले हात किंचित हलले,
एकमेकांना लागून.
मग दोन उजवे वेचले तिनं,
एका तळव्यानं दुसऱ्या तळव्यावर ढकलत, कसेबसे,
पर्समध्ये टाकले,
चेन मला लावायला सांगितली
आणि म्हणाली,
उरलेल्यात भागव.