एका शिंगाचा बैल

दारव्ह्याच्या एसटी स्टँडवर
साडेसहाची गाडी टपावर पार्सलं घेऊन येते
तेव्हा ठमकेच्या स्टॉलपुढे आम्ही तिघंच असतो:
मी, मोबाइल दुरुस्तीवाला फैजान,
आणि तहसीलमधला हेमराज, जो फक्त भाव विचारायला येतो.

'राखधारी'चा पहिला अंक.
अफवा अशी की बाविसाव्या पानावर, खालच्या कोपऱ्यात,
नुसती पाठमोरी दिसते ती बाई
जिच्यावर पुढे वेगळी मालिका निघणार.
पाठ दिसली तर ते पहिलं दर्शन धरायचं की नाही
यावर आमचे तीन कट चहा झाले.
मी सात प्रती घेतल्या.
ठमके म्हणाला, "सातही वाचतं का बे?"
मी म्हटलं, एकही नाही.

सुतळी कापताना त्याचं ब्लेड सटकलं,
वरच्या प्रतीला कण्यापाशी चीर गेली.
ती त्याने शाळेच्या एका पोरीला अर्ध्या किमतीत दिली.
ती तिथेच उभ्याने वाचायला लागली, शेंगा फोडत.
मी तिकडे बघितलं नाही.
टरफलांचा आवाज तेवढा आला.

दोन प्रती बंगळुरूला ग्रेडिंगला पाठवल्या.
दीड महिन्याने आल्या,
पारदर्शक डब्यांत कायमच्या बंद,
कॉलेजच्या लॅबमध्ये बरणीत बेडूक असतो तशा.
एकीवर नऊ पॉइंट आठ.
दुसरीवर नऊ पॉइंट चार.
एकाच गठ्ठ्यातल्या, पाठीला पाठ लावून आलेल्या.
मी त्या ट्यूबलाइटखाली धरल्या, टॉर्चखाली धरल्या,
मग अंगणात उन्हात नेल्या,
भिंग फिरवत डोळ्यांत पाणी येईपर्यंत शोधलं
ते चार दशांश कुठे सांडले.
चार दशांश म्हणजे साडेतीन हजार रुपये.

बाबा सपरीत बसले होते.
छत्तीस वर्षं जिनिंगवर ग्रेडर.
मूठभर कापूस घ्यायचे, दोन अंगठ्यांत धागा ओढायचे,
आणि गाडीवाल्याच्या तोंडाकडे न बघता ग्रेड सांगायचे.
त्यांनी डबा उलटा केला, हलवला, नाकाशी नेला.
"हात लावता येत नाही?"
नाही.
"मंग ज्यानं ग्रेड देल्ली त्यानं लावला होता का?"
हातमोजे घालून, मी म्हटलं.
मला वाटलं हसतील. हसले नाहीत.

बऱ्याच वेळाने बोलले:
"माघातली गोष्ट हाय. उकंडा मोहुर्ले म्हणून एक होता.
सकाळी त्याच्या कापसाले मी दुसरी ग्रेड देल्ली.
कवडी हाय म्हणलं, ओलावा हाय म्हणलं.
तो काई बोलला नाही. गाडी हाकलली,
नाल्यापलीकडं बाभयीखाली सोडली, शिदोरी खाल्ली,
अन् चार वाजता डोक्याचा दुपट्टा बदलून
पुन्हा रांगीत लागला. तोच कापूस.
मी मूठ घेतली. धागा ओढला. पयली ग्रेड देल्ली.
पावती फाडली, मान वर केली,
तं डाव्या अंगाचा बैल एका शिंगाचा.
मी बैल ओयखला बे.
कापूस नाही ओयखला."

मग?
"मंग काय. तो पाहे माह्याकडं, मी पाहो त्याच्याकडं.
मी म्हणलं, पुढची गाडी."

खरी ग्रेड कोणती होती, सकाळची का चारची?
बाबा अंगठ्यावर अंगठा घासत राहिले,
मध्ये काहीच नसताना.
"सकाळी भूक लागली होती," म्हणाले.
"का चार वाजता लागली होती...
आता ध्यानात नाही."

आज मी नऊ पॉइंट चारचा डबा पकडीने फोडला.
प्रत हातात आली. कागद अपेक्षेपेक्षा गार होता.
अंगठा बाविसाव्या पानापर्यंत गेला
आणि डाग पडेल म्हणून परत आला.
नवा खोका, फैजानच्या दुकानाचा पत्ता,
पाठवणार म्हणून वहिनीचं नाव.
अक्षरही तिच्याकडूनच काढून घेतलं.
ती म्हणाली, "भाऊजी, एवढं कायले?"
मी टेप दाताने तोडत म्हटलं,
बैल ओळखू येऊ नये म्हणून.