बाटलीमागचा कागद

धरणगावच्या जिनिंगमध्ये
कार्तिकात रुई उडू लागली की पापण्यांवर बसते,
चहात पडते, पावती पुस्तकात शाईला पाय फुटतात.
म्हणून टाकीच्या तोंडाला झाकण, झाकणावर चामडं,
चामड्यावर सायकलच्या ट्यूबचा वेढा.
हे सगळं झिपरू उस्तादाच्या हातचं.

"टाकी भरेल ठेव," म्हणायचा,
"खाली जागा ऱ्हायनी का रातले घाम येस तिले."
पौषात दुपारचं ऊन आणि पहाटेचा गारठा
यांच्या मध्ये पत्र्याच्या आतून दव धरतं,
थेंब थेंब बुडाशी जातं.
डिझेल त्याला पोटात घेत नाही,
वरही येऊ देत नाही.
दोघांच्या बांधावर मग एक शेवाळी साय उगवते,
आंबूस, बोटाला चिकटणारी.

एका सीझनला ती सगळी फिल्टरात आली.
लाईट गेलेली, जनरेटर दोनदा खोकला,
चोवीस जिन एका दमात गप्प.
फाटकापासून एरंडोल रस्त्यापर्यंत ट्रॅक्टर.
शेठ ओरडला, मुकादम ओरडला.
उस्तादानं फिल्टर कापला, उलगडला,
आणि मीटरशेजारच्या खिळ्याला टांगला.
अजून आहे तिथे. काळा, वाळक्या कारल्यासारखा.

तेव्हापासून रोज सकाळी, पंपाच्या आधी,
खालचा कॉक अर्धी आटी.
आधी पाणी येतं,
मग गढूळ, मग पिवळं.
जस्ताची बादली नाही. चिंधी नाही, ती धागे सोडते.
टँकर आला की अर्धा तास नुसता उभा,
ड्रायव्हर आई-माई काढतो, काढू दे.

आणि बाटली.
काचेच्या बाटलीत नमुना, मागे वर्तमानपत्राचा तुकडा.
"वाच," उस्ताद म्हणायचा.
मी वाचायचो: केळीचा भाव. तापीला पूर.
नगरपालिकेच्या नोटिसा. कुणाची दशक्रिया.
अडखळलो तर माल परत.
सतरा वर्षं वाचलं,
आणि सतरा वर्षं मनात धरून बसलो
की म्हाताऱ्याला अक्षर येत नाही.

तो गेल्यावर त्याची पत्र्याची पेटी उघडली.
पाने, चामड्याचे तुकडे,
आणि एक वही: तारीख, टँकर नंबर,
किती पाणी निघालं, त्याच्याच हातानं, झरझरीत.
पुढे पुढे अक्षर मोठं होत गेलेलं.
शेवटच्या पानांवर एका ओळीत तीनच आकडे मावलेले.

काल टँकर आला.
बाटली खिडकीशी धरली, मागे कागद.
अक्षरं पुसट.
हलवली, थांबलो, पुन्हा धरली.
डिझेल की डोळे, कळेना.

सुपडूचा पोरगा नवीन लागलाय,
दारात उभा राहून मोबाईल पाहत होता.
त्याला हाक मारली.
म्हटलं, वाच.