एक्क्याण्णवावं पान

कन्ना चौकात, जिन्याखाली माझं दुकान:
कॉम्प्युटर, प्रिंटर, आणि एक पंखा
जो कागद उडवतो म्हणून बंदच असतो.
एप्रिलच्या भर दुपारी नागमणी अंकम आली,
ओढणीच्या टोकाला पेन ड्राइव्ह बांधून,
बायका सुटे पैसे बांधतात तसा.

"प्रबंध आहे, सर. एकशे बारा पानं, सगळी उभी.
फक्त एक्क्याण्णवावर तक्ता बसंना."

बिडी वळणाऱ्या साठ बायका, चौदा रकाने.
उभ्या पानात रकाने इतके चिंचोळे झाले होते
की खोकला तुटून
खो
क
ला
असा खाली उतरत होता.

"गाइड म्हणाले, चार रकाने छाटा."
मग स्वतःशीच बोलल्यासारखं:
"छाट कारखान्यात काढतात, सर.
हजारामागं पन्नास-साठ बिड्या. त्याचे पैसे नाहीत.
इथं नको."

मी पान आडवं केलं
आणि एकशे बाराच्या एकशे बारा पानं आडवी झाली.
मुखपृष्ठ, प्रमाणपत्र, ऋणनिर्देश,
मे महिन्यात गच्चीवर निजलेल्या घरासारखी
ओळीनं.
ती हसली. तेवढंच हसली त्या दिवशी.

मग तिला सांगितलं,
याला पान कळत नाही, विभाग कळतो.
तक्त्याच्या आधी एक तोड घालायची, नंतर एक.
पहिली सगळेच घालतात.
दुसरी विसरतात, आणि मग पुढचं सगळं
शेवटपर्यंत आडवंच राहतं.
(मिलचा भोंगा थांबला त्या आठवड्यात
आमचे वडील असेच आडवे झाले.
दुसरी तोड घालायची असते
हे घरात कुणाला माहीत नव्हतं.)

पानाचा आकडा सरकून भलत्या कडेला गेला.
'मागच्याशी जोडलेलं' वरची खूण काढली,
आकडा चौकटीत घालून फिरवला,
बाकीच्या आकड्यांच्या रांगेत आणून उभा केला.
याला अर्धा तास गेला. याचे पैसे कुणी देत नाही.

फॉन्ट तपासता तपासता नजर गेली, सदतिसावी ओळ:
राजेश्वरी अंकम, एक्कावन्न.
डोळे: हो. पाठ: हो. खोकला, आता एका ओळीत: हो.
शेरा, तेलुगूतून मराठीत आणलेला:
"जरा पाठ टेकली की भिजवलेली पानं वाळतात."
मी काही विचारलं नाही.
ती बंद पंख्याकडे बघत होती.

शेजारून बाइंडर महबूबनं डोकावून विचारलं,
"आडव्याचं डोकं कुठं ठेवू?"
"शिवणीकडं."
"मग वाचणाऱ्याला पुस्तक फिरवावं लागंल की."
"फिरवू दे," नागमणी म्हणाली.

"आडव्या पानाचे जास्त किती?"
"तेवढेच. दीड रुपया."

प्रिंटरमधून ते पान बाकीच्यांसारखंच आलं,
अरुंद बाजूनं, उभंच्या उभं.
कागदाला काही कळलं नव्हतं,
फक्त अक्षरं कुशीवर वळली होती.
तिनं ते हातात घेऊन फिरवलं,
सदतिसाव्या ओळीखालून नख नेलं,
एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत,
कुठं अडतंय का बघत.